परड्यातले जुने अनंताचे झाड हलवताना

बेळगावात घराला खोली वाढवायची किंवा गाडीसाठी जागा करायची ठरली, की पहिला घाला परड्यातल्या फुलझाडांवर पडतो. दहा-पंधरा वर्षे वाढलेले, ज्येष्ठात पांढऱ्याशुभ्र फुलांनी भरून जाणारे अनंताचे झाड तोडून टाकावे लागते, असे अनेकांना वाटते. वास्तविक, दीड-दोन महिने आधी तयारी केली तर असे झाड मुळांच्या गड्ड्यासह दुसरीकडे हलवता येते.

झाड आपले बहुतेक पाणी मुळांच्या टोकांशी असलेल्या बारीक तंतुमुळांनी घेते, आणि जुन्या झाडाची ही तंतुमुळे बुंध्यापासून बरीच दूर गेलेली असतात. झाड एकदम उपटले की ती सगळी जुन्या जागीच राहतात. म्हणून मेच्या मध्यास, एखादा वळीव पडून जमीन मऊ झाल्यावर, बुंध्याभोवती वर्तुळ आखून घ्यावे. बुंधा मनगटाएवढा, म्हणजे साधारण 5 सेंटिमीटर जाड असेल, तर वर्तुळाचा व्यास 50 ते 60 सेंटिमीटर असावा. वर्तुळाच्या समोरासमोरच्या दोन चतुर्थांशांवर वीतभर रुंद आणि हातभर खोल चर काढावा, आडवी आलेली मुळे धारदार सिकेटरने किंवा करवतीने स्वच्छ कापावीत आणि चरात तांबडी माती व चांगले कुजलेले शेणखत मिसळून भरावे. उरलेल्या दोन बाजूंना हात लावू नये, कारण मधल्या काळात झाड त्यांच्यावरच जगते. दर तिसऱ्या दिवशी पाणी दिले, तर कापलेल्या टोकांजवळ नवी मुळे फुटतात. पाच-सहा आठवड्यांनी चरातली थोडी माती बोटाने बाजूला केली, की शेवयांसारखी पांढरी, ओलसर मुळे दिसतात. ती दिसल्याशिवाय झाड हलवण्याची घाई करू नये.

हलवण्याची वेळ गावागावांत निराळी आहे. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर, आर्द्रा नक्षत्रात, म्हणजे जूनच्या अखेरीस एखादी उघडीप गाठावी. जुलैच्या झडीत खड्ड्यात पाणी साचते, गड्डा चिखल होऊन ढासळतो, त्यामुळे तोवर थांबू नये. अथणी, रायबाग या कोरड्या भागात मात्र सप्टेंबरचा पाऊस जास्त भरवशाचा असल्याने तिकडे उत्तरा किंवा हस्त नक्षत्राची वाट पाहणे बरे. अर्थात, तिथे चर काढण्याचे कामही ऑगस्टच्या आरंभी करावे.

नवा खड्डा आधीच तयार ठेवावा. तो गड्ड्याच्या दुप्पट रुंद, पण खोलीला गड्ड्याएवढाच असावा. काळ्या जमिनीत कुदळीने काढलेल्या खड्ड्याच्या भिंती गुळगुळीत होतात आणि मुळे त्यांतून पलीकडे जात नाहीत, म्हणून त्या पहारीच्या टोकाने ओरबाडाव्यात. अशी जमीन वाफशावर, म्हणजे ओल असूनही चिकटत नसताना, खणावी. अनंताला आम्लधर्मी माती मानवते. खानापूरकडच्या जांभ्या मातीत तो सुखाने वाढतो, तर चुनखडीयुक्त काळ्या मातीत त्याला लोह मिळत नाही आणि कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. तिकडे तांबडी माती आणून वीत-दीड वीत उंच वाफ्यावर तो लावावा. एवढे करणे शक्य नसेल, तर तिथे कण्हेर किंवा जास्वंद हलवणे शहाणपणाचे.

हलवण्याच्या आदल्या दिवशी भरपूर पाणी द्यावे, कारण तांबडी माती कोरडी असली की गड्डा फुटतो. फांद्यांचा साधारण एक तृतीयांश भाग छाटावा. कळ्या लगडलेल्या असतात, त्यामुळे हात धजत नाही, पण कमी झालेल्या मुळांना एवढ्या पानांना पाणी पुरवणे शक्य नसते. उरलेल्या बाजू खणून गड्डा खालून सोडवावा, तिरका करून त्याखाली तरट सारावे, ते चहूबाजूंनी वर घेऊन सुतळीने आवळावे आणि गड्डा तरटासकट उचलावा. ओला गड्डा शंभर किलोच्या आसपास भरतो, तेव्हा चार माणसे हवीतच. बुंध्याला धरून कधीही उचलू नये. मी एका तगरीला असेच ओढले होते. गड्डा निखळला, उघडी मुळे हातात आली आणि ते झाड महिनाभरात वाळले.

खड्ड्यात झाड पूर्वीच्याच पातळीला बसवावे. बुंध्याची मान मातीखाली गेली तर ती कुजते. सुतळी सोडून तरट काढून घ्यावे, अर्धा खड्डा भरल्यावर पाणी ओतून पोकळ्या बसू द्याव्यात आणि मग उरलेली माती भरावी. माती पायाने तुडवू नये. वाऱ्याने झाड हलले की नवी मुळे तुटतात, म्हणून चिव्याच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, तीन काठ्यांचा आधार द्यावा. वर भाताचे पिंजर किंवा उसाचे पाचट पसरावे, मात्र वाळवी लागू नये म्हणून ते बुंध्यापासून चार बोटे दूर ठेवावे.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जुनी पाने पिवळी होऊन गळतात. अशा वेळी रासायनिक खत घालण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण नव्या मुळांना ते जाळते. पाने गळूनही फांदीची साल नखाने खरवडल्यावर आत हिरवे दिसत असेल, तर झाड जिवंत आहे. पाऊस ओढला तर बोट पेरभर खुपसून ओल पाहावी आणि मगच पाणी द्यावे. पहिला उन्हाळा सर्वांत कठीण असतो. फेब्रुवारीपासून आळ्याला आठवड्यातून दोनदा पोटभर पाणी मिळाले पाहिजे. त्या वर्षी आलेल्या थोड्या कळ्या खुडून टाकल्या, तर पुढल्या वर्षी बहर भरघोस येतो.