रेडिओथेरपी तंत्रज्ञानाची पदवी : अभ्यास कसा करावा

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र घेतलेला विद्यार्थी रेडिओथेरपीच्या, म्हणजे किरणोत्सर्गाने कर्करोगावर उपचार करण्याच्या, पदवीला येतो, तेव्हा हा क्ष-किरण विभागाचाच थोडा वरच्या पातळीवरचा अभ्यासक्रम असावा, अशी त्याची बहुधा समजूत असते. क्ष-किरण विभागात प्रतिमा बिघडली तर ती पुन्हा काढता येते. रेडिओथेरपीत एकदा दिलेला डोस परत घेता येत नाही. शिवाय इथला रुग्ण एकदाच येऊन जात नाही. घशाच्या किंवा तोंडाच्या कर्करोगासाठी ७० ग्रे (ग्रे हे शरीराने शोषलेल्या किरणोत्सर्गाचे एकक) डोस ठरला असेल, तर तो साधारणपणे ३५ भागांत, म्हणजे आठवड्याचे पाच दिवस याप्रमाणे सात आठवडे दिला जातो, आणि पहिल्या दिवशी रुग्ण टेबलावर ज्या स्थितीत होता त्याच स्थितीत त्याला पस्तिसाव्या दिवशीही झोपवायचे असते. काही मिलिमीटरच्या मर्यादेत ही जागा रोज कशी राखायची, या एका प्रश्नाभोवती सगळा अभ्यासक्रम फिरतो. कोणताही विषय हाती घेतला की त्याचा या प्रश्नाशी काय संबंध आहे ते आधी शोधावे. पाठांतर निम्म्याने कमी होते.

प्रवेश घेण्यापूर्वी आपण नेमक्या कोणत्या वाटेने निघालो आहोत याची खात्री करून घ्यावी. उपचार ठरवणारा डॉक्टर एम.बी.बी.एस.नंतर रेडिएशन ऑन्कॉलॉजीमध्ये एम.डी. करतो. डोसचे गणित आणि यंत्राची अचूकता पाहणारा वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ भौतिकशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षणानंतर वेगळा अभ्यासक्रम पूर्ण करतो. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका ही त्यातली जुनी वाट. प्रत्यक्ष यंत्रावर रुग्णाला झोपवून उपचार देणारा तो तंत्रज्ञ, आणि आपली पदवी त्याची. पदवीच्या बळावर पुढे आपोआप भौतिकतज्ज्ञ होता येईल, असे प्रवेशाच्या वेळी कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये.

महाविद्यालय निवडताना इमारतीपेक्षा यंत्रे पाहावीत. संलग्न रुग्णालयात लिनिअर ॲक्सिलरेटर (विजेवर किरण तयार करणारे उपचारयंत्र) आहे का, सी.टी. सिम्युलेटर (उपचाराआधी रुग्णाची स्थिती आणि जागा ठरवण्याचे सी.टी. यंत्र) आहे का, ब्रॅकीथेरपी (किरणोत्सर्गी स्रोत शरीरात किंवा गाठीजवळ ठेवून केलेला उपचार) होते का, आणि दिवसाला किती रुग्णांवर उपचार होतात, हे चार प्रश्न विचारायला संकोच वाटू देऊ नये. किरणोत्सर्गी कोबाल्टच्या स्रोतावर चालणारे यंत्र असेल तर तेही कमीपणाचे समजू नये. खारघरच्या अत्याधुनिक प्रोटॉन उपचार केंद्राची छायाचित्रे पाहून आलेल्या विद्यार्थ्याला कोबाल्ट जुनाट वाटते, पण भाभा केंद्राने देशातच विकसित केलेले ‘भाभाट्रॉन’ हे कोबाल्टचेच यंत्र आहे, आणि किरणोत्सर्गाचे मूलभूत नियम कोबाल्टवर जितके उघडपणे दिसतात तितके इतरत्र दिसत नाहीत.

भौतिकशास्त्राला सर्वाधिक वेळ द्यावा लागतो. कोबाल्ट-६०चे अर्धायुष्य ५.२७ वर्षे आहे, हे सर्वांनाच पाठ असते; त्याचा अर्थ मात्र थोड्यांनाच सांगता येतो. या हिशेबाने स्रोताची तीव्रता दर महिन्याला सुमारे १.१ टक्क्याने घटते. म्हणजे नव्या स्रोताने एका मिनिटात दिला जाणारा डोस द्यायला सव्वापाच वर्षांनी दोन मिनिटे लागतात, आणि म्हणून उपचाराच्या वेळेचा तक्ता दर महिन्याला बदलावा लागतो. ब्रॅकीथेरपीत वापरल्या जाणाऱ्या इरिडियम-१९२चे अर्धायुष्य सुमारे ७४ दिवसांचे असल्यामुळे तिथे हीच घट दिवसाला जवळपास एक टक्का पडते. वहीत हा हिशेब एकदा स्वतः मांडून पाहिलेला विद्यार्थी तोंडी परीक्षेत अडखळत नाही.

व्यस्त वर्गाच्या नियमाचेही (अंतर दुप्पट झाले की तीव्रता चौपटीने कमी होते) तसेच आहे. स्रोतापासून त्वचेचे अंतर ८० सेंटिमीटर ठेवायचे असताना ते चुकून ७८ राहिले, तर रुग्णाला सुमारे ५ टक्के डोस जास्त मिळतो. उपचारातील डोस ठरलेल्या आकड्याच्या अधिक-उणे ५ टक्क्यांच्या आत असावा, ही जगभर मानली गेलेली अपेक्षा आहे. म्हणजे बोटभर रुंदीच्या एका चुकीने सगळी सवलत संपते. अंतर दाखवणाऱ्या प्रकाशपट्टीवरचा आकडा तंत्रज्ञ मोठ्याने का वाचतो, ते इथे कळते. लिनिअर ॲक्सिलरेटरचा अभ्यास करताना इलेक्ट्रॉन गनपासून टंगस्टनच्या लक्ष्यापर्यंत आणि तिथून पुढे फ्लॅटनिंग फिल्टर (किरणपुंज सगळीकडे सारखा करणारा), जबडे व मल्टिलीफ कॉलिमेटर (किरणपुंजाला आकार देणारी पाती) यांच्यापर्यंतचा मार्ग कागदावर न पाहता काढता येईपर्यंत काढावा. प्रश्नपत्रिकेत ही आकृती हमखास येते.

शरीररचनाशास्त्र पुस्तकातील उभ्या चित्रांवरून शिकू नये. आपल्याला शरीर आडव्या छेदांत दिसते, त्यामुळे सी.टी.च्या प्रतिमा एकामागून एक सरकवत पाठीचा कणा, लाळग्रंथी, अन्ननलिका, मूत्राशय आणि गुदाशय ओळखण्याचा सराव पहिल्या वर्षापासूनच करावा. सिम्युलेशनच्या खोलीत दुपारी गर्दी ओसरल्यावर वरिष्ठ तंत्रज्ञांना विनंती केली, तर ते जुन्या प्रतिमा आनंदाने दाखवतात. रुग्णाचे नाव झाकलेले असावे, एवढी काळजी मात्र घ्यावी.

रेडिओबायोलॉजी हा विषय मुले परीक्षेच्या आदल्या आठवड्यासाठी ठेवतात, आणि तिथेच फसतात. पेशींची दुरुस्ती, पेशीचक्रातील फेरवाटणी, ऑक्सिजनचा पुन्हा होणारा पुरवठा आणि उरलेल्या पेशींची पुन्हा वाढ, या चार गोष्टींमुळे डोस तुकड्यातुकड्यांत द्यावा लागतो. निव्वळ ग्रेच्या बेरजेने दोन उपचारांची तुलना होत नाही, त्यासाठी जैविकदृष्ट्या परिणामकारक डोस काढावा लागतो. सूत्र सोपे आहे : एका फ्रॅक्शनच्या, म्हणजे एका वेळच्या, डोसला ऊतीच्या अल्फा-बीटा गुणोत्तराने (एका वेळच्या डोसच्या आकाराला ती ऊती किती संवेदनशील आहे ते सांगणारा आकडा) भागावे, त्यात १ मिळवावा आणि आलेल्या संख्येने एकूण डोसला गुणावे. स्तनाच्या कर्करोगात २५ दिवसांत ५० ग्रे आणि १५ दिवसांत ४० ग्रे हे दोन्ही प्रकार वापरात आहेत. उशिरा परिणाम दाखवणाऱ्या ऊतींसाठी गुणोत्तर ३ धरले, तर पहिल्याचे उत्तर ८३.३ येते आणि दुसऱ्याचे ७५.६. रोजचा डोस वाढूनही उशिराचे दुष्परिणाम वाढतीलच असे नाही, हे या दोन ओळींच्या गणितातून दिसते, आणि “दिवस कमी केले म्हणजे जोरात दिले का?” या नातेवाइकांच्या प्रश्नामागचे विज्ञानही कळते.

आता प्रात्यक्षिकाकडे वळू, कारण खरी पदवी तिथे मिळते. डोके व मानेच्या उपचारासाठी थर्मोप्लास्टिकचा मास्क करतात. गरम पाण्यात मऊ झालेली जाळीची शीट चेहऱ्यावर ताणून बसवायची आणि ती पूर्ण थंड होईपर्यंत थांबायचे, एवढीच कृती. पण घाईने लवकर काढलेला मास्क नंतर आक्रसतो आणि सात आठवडे त्रास देतो. मास्क करण्यापूर्वी दाढी केलेली आहे का, कवळी घालायची की काढायची याचा निर्णय नोंदवला आहे का, हे पाहावे. बायकांचा अंबाडा हे स्थिती बिघडण्याचे आपल्याकडचे खास कारण : सिम्युलेशनच्या दिवशी केस मोकळे असतील आणि दुसऱ्या दिवशी मानेखाली अंबाडा आला, तर डोक्याची स्थिती बदलते. मंगळसूत्र काढायला सांगणे हाही नाजूक प्रसंग असतो. तिथे हुकूम न सोडता, ते कुठे सुरक्षित ठेवले जाईल हे आधी सांगावे आणि सोबतच्या माणसाच्या हाती द्यावे. माझ्या विद्यार्थिदशेत मी एका आजींना हे घाईने सांगितले आणि आजी त्या दिवशी उपचार न घेताच घरी गेल्या. एक दिवस वाया गेला, तो माझ्यामुळे.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोंड आल्यामुळे रुग्णाचे जेवण कमी होते, वजन उतरते आणि मास्क सैल पडतो. हे पहिल्यांदा लक्षात येते ते रोज मास्क बसवणाऱ्याच्या, म्हणून ते त्याच दिवशी नोंदवून डॉक्टर आणि भौतिकतज्ज्ञ यांना कळवावे, पुन्हा सी.टी. करायचा की नाही ते दोघे ठरवतील. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मूत्राशय रोज सारखे भरलेले असणे महत्त्वाचे असते. ठरलेले पाणी प्यायल्यावर ठरलेला वेळ थांबायचे, ही सूचना मराठीत, साध्या शब्दांत आणि दोनदा द्यावी. पुष्कळ रुग्ण या उपचाराला ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात. त्यांचा शब्द सुधारण्यात वेळ न घालवता तोच वापरून पुढे बोलावे, मात्र उपचार चालू असताना भाजल्यासारखे काही जाणवणार नाही आणि बाहेरच्या यंत्राने उपचार घेतल्यावर घरी नातवंडांना जवळ घेतले तरी चालते, या दोन गोष्टी आपणहून सांगाव्यात. विचारायला लाजतात, पण भीती याचीच असते.

सकाळी पहिला रुग्ण येण्याआधी यंत्राची तपासणी होते. लेझरच्या रेषा, अंतरदर्शक, दार उघडताच किरण बंद होतात का, आणीबाणीचे बटण आणि डोसचे मोजमाप या गोष्टी त्या अर्ध्या तासात पाहिल्या जातात. हजेरी नऊची असली तरी विद्यार्थ्याने या वेळी तिथे असावे. सुरक्षिततेचा पेपर निम्मा तिथेच तयार होतो.

उरलेला निम्मा नियमांचा आहे. १९८३ साली स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ मुंबईच्या अणुशक्तीनगरमधून देशभरातील किरणोत्सर्गी यंत्रांना परवाने देते. किरणोत्सर्गात काम करणाऱ्यासाठी पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट (शरीरावरील किरणोत्सर्गाच्या परिणामाचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे. छातीवर लावायचा, आपल्याला मिळालेला किरणोत्सर्ग मोजणारा टी.एल.डी. बॅज दुसऱ्याला देऊ नये आणि उपचारकक्षात विसरू नये, कारण मग त्यावरचा आकडा आपला राहत नाही. नियम का आहेत ते समजण्यासाठी दोन घटना सविस्तर वाचाव्यात : १९८७ मध्ये ब्राझीलमधील गोयानिया येथे बेवारस सोडलेल्या रेडिओथेरपी यंत्रातील सीझियम-१३७ भंगारात गेले आणि चार जणांचा मृत्यू झाला, २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० पोहोचले आणि एकाचा जीव गेला. स्रोताच्या नोंदवहीवर इतक्या सह्या कशाला, असे त्यानंतर कोणी विचारत नाही.

पुस्तके इंग्रजीत आहेत, आणि मराठी माध्यमातून आलेल्याला पहिले सहा महिने जड जातात. प्रत्येक प्रकरणातले दहा-बारा शब्द एका वहीत मराठी अर्थासह लिहावेत, व्याख्या मात्र इंग्रजीत पाठ कराव्यात, कारण उत्तरपत्रिका त्याच भाषेत लिहायची असते. मोठ्या उत्तरात आधी आकृती, मग तत्त्व, मग उपयोग आणि शेवटी मर्यादा असा क्रम ठेवला, तर वेळ पुरतो.

इंटर्नशिपमध्ये एकाच यंत्रावर अडकून राहू नये. प्लॅनिंगच्या, म्हणजे उपचाराचा आराखडा संगणकावर आखण्याच्या, खोलीत किमान काही आठवडे मागून घ्यावेत आणि आपण सकाळी झोपवलेल्या रुग्णाचा प्लॅन दुपारी भौतिकतज्ज्ञाशेजारी बसून पाहावा. प्रत्येक केसची नोंद लॉगबुकात त्याच दिवशी करावी : आजाराची जागा, स्थिती, वापरलेली साधने, रोजचा आणि एकूण डोस, टेबलाचे सरकवलेले अंतर. नोकरीच्या मुलाखतीत बहुधा पहिला प्रश्न त्या वहीतूनच येतो, आणि मागाहून एका बैठकीत भरलेली पाने विचारणाऱ्याला लगेच ओळखू येतात.