काकूंच्या सत्काराआधी काय काय बघायचं

मंडळी, आपल्या पोहण्याच्या स्पर्धा सांभाळणाऱ्या आणि स्वतःही पोहणाऱ्या काकूंचा सत्कार स्पर्धेच्या दिवशीच करायचं ठरलं, आता कामाला लागू. पहिलं काम म्हणजे एक वही घ्या आणि काकू स्पर्धेच्या दिवशी नेमकं काय काय करतात ते लिहून काढा. त्यातलं निम्मं आपल्याला दिसतच नाही. हीटच्या, म्हणजे कोण कुठल्या तुकडीत पोहणार त्याच्या, याद्या भिंतीवर लावणं, लेनचे दोर ताणून घेणं, स्टॉपवॉचचे सेल बघणं, खानापूर-निपाणीहून पहाटेच्या गाडीने आलेल्यांनी काही खाल्लंय का ते विचारणं... प्रत्येक कामापुढे कुणाचं तरी नाव पडलं पाहिजे आणि त्यात काकूंचं नाव कुठेही नको. नाहीतर अंगावर शाल आणि हातात घड्याळ, असाच त्यांचा फोटो निघेल.

घड्याळांचं तर आधीच बघा. प्रत्येक लेनला तीन घड्याळं, तीन माणसं. 58.41, 58.47 आणि 58.60 अशा वेळा आल्या तर मधली, म्हणजे 58.47 धरायची. सरासरी काढायची ती दोनच घड्याळं चालली तर. आपण पोहणार बेळगावच्या जेएनएमसी मेडिकल कॉलेजच्या 50 मीटर तलावात. तिथे 50 मीटरची शर्यत सुटते पलीकडच्या टोकाला आणि घड्याळवाले उभे असतात अलीकडे. सुटण्याच्या इशाऱ्याचा आवाज एवढं अंतर कापेपर्यंत सेकंदाचे 14-15 शतांश निघून जातात. म्हणून आवाजावर नाही, स्टार्टरच्या दिव्यावर बटण दाबायचं. दिवा नसेल तर त्याच्या हातावर नजर ठेवायची. नव्या पोरांना हे काकूच शिकवतात. यंदा कोण शिकवणार, ते आदल्या आठवड्यातच ठरवा.

मानपत्र मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही एकाच चौकटीत. कन्नड मजकूर कन्नड शाळेत शिकलेल्या माणसाला वाचायला द्या. आपण बाजारात बोलतो तेवढ्या कन्नडवर भागणार नाही. वेळा लिहिताना 25 मीटर तलावातल्या वेगळ्या आणि 50 मीटरमधल्या वेगळ्या. लहान तलावात वळणं जास्त, भिंतीला पाय मारून वेग मिळतो, त्यामुळे त्या वेळा कमीच दिसतात. दोन्ही एकत्र केल्या तर पोहणारे हसतील आणि पहिल्या हसतील त्या काकू. ‘विक्रम’ हा शब्द कागद हातात असेल तरच वापरा.

आणि कृपा करून ‘या वयातही’ असं कुणी लिहू नका. मास्टर्समध्ये, म्हणजे मोठ्या वयाच्या पोहणाऱ्यांच्या स्पर्धांत, दर पाच वर्षांनी गट बदलतो आणि वय धरतात 31 डिसेंबरचं. काकूंना सत्तर पूर्ण होणार डिसेंबरात, पण 70 ते 74 च्या गटात त्या जानेवारीपासूनच गेल्यात. गटातल्या सगळ्यात तरुण! तिकडे आम्ही चाळिशीतले गुडघे धरून बसतो आणि या बाई नव्या गटाची वाट बघत असतात.

म्हणून माझं म्हणणं, भाषणं दोनच ठेवा आणि मधे मिश्र मेडली रिले घ्या, 4 गुणिले 50, म्हणजे चौघांनी पाळीपाळीने चार वेगळ्या प्रकारांनी पोहायची. रिलेचा गट चौघांच्या वयाच्या बेरजेवर ठरतो. काकू 70, बाकीचे 62, 58 आणि 52, म्हणजे 242; 240 ते 279 चा गट मिळाला. 52 च्या जागी तिशीतला जोरकस गडी घातलात तर बेरीज 240 च्या खाली येते आणि गट घसरतो, तेव्हा तो मोह टाळा. दोन बायका, दोन पुरुष हे विसरू नका. काकूंना पहिली लेग द्या, म्हणजे पाठीवर पोहायचा टप्पा. ती पाण्यातूनच सुटते, गुडघ्याला ब्लॉकवर, म्हणजे उडी मारायच्या चौथऱ्यावर, चढायचा त्रास नाही. पाठीवर पोहणाऱ्यांसाठीची झेंड्यांची दोरी भिंतीपासून बरोबर 5 मीटरवर आहे का, हे टेप लावून बघा. झेंडे डोक्यावरून गेले की काकू भिंतीपर्यंतचे हात मोजतात. दोरी सरकली तर डोकं भिंतीला.

सत्कार रिलेनंतर, पण लगेच नाही. फेटा ओल्या केसांवर बसत नाही. कोल्हापुरी की म्हैसुरी, यावर मीटिंगमध्ये तास घालवू नका. बांधणारा जो वेळेवर येईल त्याचा. हार तलावाच्या काठापासून लांब ठेवा, पाकळ्या पाण्यात गेल्या की जाळीत अडकतात आणि निस्तरायचं वॉचमनने. टाइल्सवर काथ्याची चटई टाका, पाहुणे चामडी चपलांतले असतात. माइक सेलवर चालणारा आणा. ओल्या फरशीवरून वायर ओढायची नाही म्हणजे नाही.

खाण्याचं थोडक्यात: सकाळी केळी आणि उप्पीट, कुंदा सगळ्या शर्यती संपल्यावरच. एप्रिल-मे गाठला तर दुपारनंतर वळीव कधी कोसळेल नेम नाही, तेव्हा सातला सुरुवात.

हे सगळं काकूंपासून लपवायचं का, अशी चर्चा झाली. नको. सराव न करता रिलेत उतरायला लावलंत तर त्या कुणाला माफ करणार नाहीत. त्यांचा प्रवेश अर्ज भरून घ्या, तोही मुदतीत. मुदत त्यांनीच घातली आहे आणि उशिरा आलेला अर्ज त्या स्वतःचासुद्धा घ्यायच्या नाहीत.