पाण्यात बीसीडी काढताना ऑक्टोपस लटकत सोडू नका

स्कूबा डायव्हिंगमधे बीसीडीचे (टाकी बांधलेल्या, हवा भरायच्या जॅकेटचे) बकल सोडायच्या आधी ऑक्टोपस, म्हणजे श्वास घ्यायचा बॅकअप रेग्युलेटर, कुठाय ते हाताने चाचपून बघा, कारण तो मोकळा राहिला की वाळूत घासतो, कुठेतरी अडकतो, नाहीतर माउथपीस वर झालं की फ्री-फ्लो सुरू होऊन हवा भसाभसा वाया जाते. होल्डरमधे असेल तर तिथेच राहू द्या, फक्त क्लिप घट्ट आहे ना ते ओढून बघा. नेकलेसवाल्यांनी, म्हणजे ऑक्टोपस बंजीने (लवचिक दोरीने) गळ्यात अडकवणाऱ्यांनी, मात्र खरंच जपा. बंजी गळ्यात आणि होज (हवेची नळी) टाकीला जोडलेला, म्हणजे जॅकेट लांब गेलं की मान ओढली जाणार, म्हणून आधी बंजी डोक्यावरून काढायची, माउथपीस खाली ठेवून तो बॅकअप रेग्युलेटर जॅकेटच्या डी-रिंगला (डी आकाराच्या कडीला) अडकवायचा, मग डावा हात आधी बाहेर. मेन रेग्युलेटर तोंडातच हं!