कंपनीची जमीन घेताना बोजा कुठे पाहावा

विक्रेता कंपनी असेल, तर सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा दिसत नाही एवढ्यावरून जमीन मोकळी समजू नये. मूळ दस्तऐवज तारण ठेवून घेतलेल्या कर्जाची नोंद तलाठ्यापर्यंत अनेकदा पोहोचलेलीच नसते.

१. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीच्या नावाने ‘इंडेक्स ऑफ चार्जेस’ (चार्ज म्हणजे कर्जापोटी कंपनीच्या मालमत्तेवर असलेला बोजा; ही त्यांची यादी) पाहावा.
२. चार्ज खुला (न फिटलेला) असल्यास शुल्क भरून त्याचा सीएचजी-१ (चार्ज नोंदवण्याचा) अर्ज व जोडलेला करार उघडावा आणि त्यात आपला गट क्रमांक शोधावा (हे काम कंटाळवाणे आहे, पण टाळू नये).
३. कर्ज फिटल्याचे सांगितल्यास सीएचजी-४ची (चार्ज फिटल्याचे कळवण्याच्या अर्जाची) नोंद मागावी.

चार्ज नोंदवण्यास कायद्याने ३० दिवसांची मुदत असल्याने अगदी ताजे कर्ज यादीत नसू शकते. म्हणून खरेदीखतापूर्वी मूळ दस्तऐवज प्रत्यक्ष पाहावेत.