वर दुपार, खाली रात्र: माग्रितसारखा फोटो बडोद्यात कसा काढायचा

सररिअल, म्हणजे स्वप्नातल्यासारखा अशक्य, फोटो म्हटलं की सगळे लगेच चित्रकार दालीच्या वितळलेल्या घड्याळांवर तुटून पडतात, चित्र १९३१ चं आहे आणि ग्रेटच आहे, पण फोटोशॉपच्या लिक्विफाय टूलने घड्याळ ओढून जे काही तयार होतं ते बघवत नाही हो. माझं ऐकाल तर रने माग्रितपासून सुरुवात करा. हा बेल्जियन माणूस घर, झाड, दिवा सगळं साधंसुधं रंगवायचा आणि त्यात एकच गोष्ट अशक्य ठेवायचा, आणि साधंसुधं तर कॅमेऱ्याला आयतंच मिळतं.

त्याची 'एम्पायर ऑफ लाइट' ही चित्रं बघा, एक नाही, बऱ्याच आवृत्त्या आहेत. वर भर दिवसाचं निळं आभाळ आणि खाली अंधारातलं घर, एक दिवा लागलेला. आपल्याकडे दांडिया बाजार नाहीतर रावपुऱ्याच्या आतल्या गल्लीत जुनं दुमजली घर शोधा, शक्यतो गॅलरीवालं आणि बाजूला एखादं झाड असलेलं.

ट्रायपॉड लावा, पायांच्या जागी खडूने खुणा करा, फोकस मॅन्युअल. चार-साडेचारला पहिला फोटो, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, एफ ८ (लेन्सच्या छिद्राचा आकडा), एक्सपोजर, म्हणजे उजेडाचं माप, आभाळाचं धरा, घर काळं पडलं तरी पडू दे. ढग थोडे हवेतच, नुसतं निळं आभाळ पत्र्यासारखं दिसतं. मग कॅमेरा तसाच ठेवून अंधाराची वाट बघायची, चहा वगैरे आळीपाळीने प्या, कारण ट्रायपॉडला गाय धक्का मारून गेली की दुपार वाया.

दुसरा फोटो तिन्हीसांजेनंतर, त्याच सेटिंगवर फक्त शटर आठ-दहा सेकंद उघडं. रस्त्यावरचे एलईडी पांढरेफटक असतात, त्यांनी सगळा मूड जातो, म्हणून घरातल्यांना आधीच विचारून ठेवा, "काकू, पडद्यामागे पिवळा बल्ब लावाल का थोडा वेळ?" लावतात, वर फोटो कधी देणार तेही विचारतात.

आता खरी गंमत, दुपारचं आभाळ रात्रीच्या फोटोवर बसवायचं, त्यासाठी मास्क लागतो, म्हणजे आभाळ आणि घर वेगळं करणारा काळा-पांढरा साचा. मास्क रात्रीच्या फोटोवरून करायला जाऊ नका, काळ्या आभाळात काळं छप्पर कुठे संपतं काही कळत नाही. मास्क दुपारच्या फोटोवरून करा, तिथे आभाळ उजळ आणि घर काळं, ब्लू चॅनलची (फोटोतल्या निळ्या रंगाच्या थराची) कॉपी घेऊन लेव्हल्स ताणले, म्हणजे उजळ ते पांढरं आणि गडद ते काळं केलं, की छपराची कड, विजेच्या तारा, अगदी उत्तरायणाला अडकून राहिलेला पतंगसुद्धा नीट सुटतो. फ्रेम हललेली नसते म्हणून तोच मास्क रात्रीच्या फोटोवर बरोबर बसतो. गिंप या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये फुकटात होतं हे. झाडाची पानं वाऱ्याने हललेली असतील तिथे मऊ ब्रशने हाताने काळं करा, माग्रितचं झाडही काळंच आहे.

आभाळाचा उजेड थोडासा कमी करा, अर्धा स्टॉप (उजेड मोजायचं एकक) पुरे, नाहीतर चिकटवलेलं वाटतं. खालचा भाग मात्र उजळायचा मोह टाळा.

हे जमलं की मग माणसं हवेत तरंगवा, माग्रितच्याच 'गोलकोंडा' (१९५३) या चित्रासारखी, मित्राला स्टुलावर उभं करून नंतर स्टूल पुसायचं, फक्त सगळ्यांवर उजेड एकाच बाजूने हवा. छायाचित्रकार हाल्समनने १९४८ मध्ये दालीच्या फोटोसाठी खरोखर मांजरं हवेत उडवली होती, ते करू नका, सोसायटीतली मांजरं ऐकणार नाहीत.

प्रिंट मॅट पेपरवर काढा, ग्लॉसीवर खालच्या काळ्या भागात ट्यूबलाइट दिसते.