भूमध्य समुद्रापलीकडचे शेजारी : युरोपियन युनियनचे धोरण शिकायला कुठून सुरुवात करावी

युरोपियन युनियनचे भूमध्य समुद्राच्या दक्षिण आणि पूर्व किनाऱ्यावरच्या देशांबाबतचे धोरण शिकताना बहुतेक जण १९९५च्या बार्सिलोना जाहीरनाम्यापासून सुरुवात करतात. जाहीरनामा वाचावाच, तासाभराचे काम आहे. तेव्हाचे १५ सदस्य देश आणि १२ भूमध्य भागीदार. राजकारण-सुरक्षा, अर्थव्यवहार आणि समाज-संस्कृती असे तीन विभाग. २०१०पर्यंत मुक्त व्यापार क्षेत्र उभारण्याचे वचन. ते क्षेत्र उभे राहिले नाही. त्याचे कारण शोधायचे तर करार उघडावे लागतात.

कारण प्रत्यक्षात व्यवहार चालतो तो वेगवेगळ्या करारांवर. ट्युनिशिया, मोरोक्को, इस्रायल, जॉर्डन, इजिप्त, अल्जीरिया आणि लेबनॉन या प्रत्येकाशी ब्रसेल्सने, म्हणजे युनियनने, स्वतंत्र असोसिएशन करार (व्यापार आणि राजकीय सहकार्याचा करार) केला. पॅलेस्टिनींशी १९९७चा हंगामी करार आहे. या देशांचा आपापसातला व्यापार मात्र तुटपुंजाच राहिला. बैलगाडीच्या चाकाचे आरे तुंब्यात ठोकले, पण वर धाव बसवलीच नाही, तशी ही रचना आहे. अल्जीरिया आणि मोरोक्को यांच्यातली जमिनीवरची सीमा तर १९९४पासून बंद आहे.

म्हणून एकच देश निवडा आणि त्याचा करार परिशिष्टांसकट वाचा. मोरोक्को सोयीचा: करारावर सही १९९६ची, अंमल २०००पासून. आधी कलम २ पाहा. लोकशाही आणि मानवी हक्कांचा आदर हा कराराचा 'अत्यावश्यक घटक' आहे, असे ते म्हणते. मग थेट जकातीकडे या. मोरोक्कोच्या कारखानी मालाला १९७६च्या सहकार्य करारानेच युरोपची दारे बव्हंशी उघडली होती. नव्या करारात जकात उतरवायची होती ती मुख्यतः मोरोक्कोने, १२ वर्षांत, टप्प्याटप्प्याने. ज्या शेतमालात मोरोक्कोचा खरा लाभ होता, त्याला मात्र कोटा आणि हंगामी अटी लागल्या. टोमॅटोचा तक्ता जरूर पाहा: ऑक्टोबर ते मे या काळात ठरलेल्या कोट्यापुरती टनाला ४६१ युरो ही 'प्रवेश किंमत'. माल त्याखाली आला की जादा आकार बसतो. भागीदारीचे ओझे कोणाच्या खांद्यावर किती, हे या एका तक्त्यातून जितके कळते तितके दहा भाषणांतून कळत नाही.

याच देशाच्या निमित्ताने न्यायालयही अभ्यासात येते. पश्चिम सहारा हा बव्हंशी मोरोक्कोच्या ताब्यात असलेला, पण वेगळा प्रदेश आहे. तिथल्या जनतेच्या संमतीशिवाय युनियन-मोरोक्को करार तिथे लागू करता येत नाही, ही भूमिका युरोपीय न्यायालयाने २०१६मध्ये मांडली आणि ऑक्टोबर २०२४च्या निकालांत कायम ठेवली. राजनैतिक वाटाघाटींतून जुळवलेली गोष्ट लक्झेंबर्गमधल्या या न्यायालयात मोडू शकते, हे नवख्यांच्या ध्यानातच येत नाही.

दुसरी हमखास चूक कागदाच्या प्रकाराची. असोसिएशन कराराला युरोपीय संसदेची संमती लागते, शिवाय प्रत्येक सदस्य देशाची मान्यताही. म्हणून इजिप्तची सही २००१ची आणि अंमल २००४चा. लेबनॉनचे २००२ आणि २००६. सामंजस्य कराराला ही वाट चालावी लागत नाही. जुलै २०२३मध्ये ट्युनिशियाशी स्थलांतर रोखण्यापासून ऊर्जेपर्यंत सगळे एका सामंजस्य करारात बसवले गेले. त्याच्या दोनच वर्षे आधी राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी तिथली संसद गोठवली होती. २०११च्या अरब उठावांनंतर 'जास्त सुधारणा, जास्त मदत' हे युनियनचे सूत्र होते. २०१५मध्ये धोरणाच्या फेरआढाव्यात स्थैर्याला अग्रक्रम मिळाला. आणि २०२३पर्यंत कलम २चे वजन किती उरले, ते ट्युनिशियाचा हा कागद सांगतो. आमच्या मते हा या धोरणातला सर्वांत गंभीर प्रश्न आहे. अभ्यासकाने त्याला बगल देऊ नये.

पैशांचे आकडे वाचताना घाई नको. मार्च २०२४मध्ये इजिप्तसाठी ७.४ अब्ज युरो जाहीर झाले. 'युरोपने इजिप्तला ७.४ अब्ज दिले' असे लिहिणे चूक. त्यात ५ अब्ज सवलतीचे कर्ज आहे, १.८ अब्ज गुंतवणुकीचा भाग आणि अनुदान फक्त ६० कोटी. त्यातले २० कोटी स्थलांतर व्यवस्थापनासाठी. शिवाय मंजूर रक्कम आणि खर्ची पडलेली रक्कम वेगळी. भूमध्य भागीदारांसाठीच्या १९९५-९९च्या 'मेडा' निधीत मंजुरीच्या मानाने प्रत्यक्ष पोहोचलेले पैसे जेमतेम पाव हिस्सा होते.

कागद मिळतात 'युर-लेक्स' या अधिकृत संकेतस्थळावर, फुकट. क्रमांकाआधी 'कॉम' असेल तर तो एकट्या युरोपीय आयोगाचा, म्हणजे युनियनच्या कार्यकारी संस्थेचा, मसुदा. 'जॉइन' असेल तर आयोग आणि परराष्ट्र धोरणाचे उच्च प्रतिनिधी यांचा संयुक्त. दोन्ही प्रस्ताव आहेत, निर्णय नव्हेत. परराष्ट्र धोरणावर कौन्सिलमध्ये, म्हणजे सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या बैठकीत, सहसा एकमत लागते आणि एक देशही गाडे अडवू शकतो. करार उघडताना दुरुस्त्या सामावलेली, म्हणजे एकत्रित आवृत्ती निवडा, नाहीतर रद्द झालेले दर उतरवून बसाल.

भाषेचे म्हणाल तर मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशियासाठी फ्रेंचला पर्याय नाही. पुण्या-मुंबईत आलियाँस फ्रान्सेझमध्ये ती शिकता येते. बी-१ ही मधली पातळी गाठली की शब्दकोश जवळ ठेवून सरकारी निवेदने वाचता येऊ लागतात. इजिप्त किंवा जॉर्डन निवडलात तर अरबी लवकर सुरू करा, कारण ब्रसेल्सच्या इंग्रजी कागदांत कैरो आणि अम्मानचे म्हणणे फार थोडे उतरते.