ऑक्टोबरमध्ये जर्मनीत शिकायला जायचंय? मग आदल्या वर्षीच्या गणपतीत सुरुवात करा

जर्मनीत मास्टर्सला जाणारी मुलं मार्कांची काळजी करतात. अडकतात मात्र कागदांच्या क्रमात. एक कागद दुसऱ्याशिवाय मिळत नाही, दुसरा तिसऱ्याशिवाय, आणि प्रत्येकाला काही आठवडे जातात. हिवाळी सेमिस्टर 1 ऑक्टोबरला सुरू होतं असं धरा आणि तिथून मागे मोजत या. साधारण वर्षभर मागे, म्हणजे गणपतीच्या आसपास येऊन थांबाल. पुढचं सगळं मी पुण्याहून गेले त्या अनुभवावरून आणि नंतर ओळखीतल्या पाचसहा पोरांचे कागद तपासताना जे कळलं त्यावरून लिहितेय.

पहिली पायरी: सगळीकडे एकच नाव

आपल्याकडच्या मार्कलिस्टवर नाव ‘जोशी अमेय सुधीर’ असं आडनावापासून सुरू होतं, शेजारी आईचं नावही असतं. पासपोर्टवर ‘अमेय सुधीर’ हे नाव आणि ‘जोशी’ आडनाव. दहावीच्या सर्टिफिकेटवर ‘सुधिर’ ऱ्हस्व, त्यामुळे इंग्रजी स्पेलिंगही वेगळं. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, पण जर्मन कारकुनासमोर ही दोन माणसं असतात. क्रम उलटा असेल तर बहुतेक वेळा निभावतं, स्पेलिंगचा फरक मात्र आधीच दुरुस्त करून घ्या. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी मॅरेज सर्टिफिकेट आणि नावबदलाचं राजपत्र दोन्ही फाईलला लावावं. पासपोर्टची मुदत कोर्स संपेपर्यंत पुरते का, तेही आताच बघा.

याच काळात विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या विषयांच्या गुणांचा अधिकृत उतारा, काढायला टाका. आणि जर्मनचा क्लास लावा. कोर्स इंग्रजीत असला तरी लावा. नोकरीच्या मुलाखतीला आणि डॉक्टरकडे इंग्रजी नेहमीच पुरत नाही. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे. निघेपर्यंत ए-2, म्हणजे भाषेची दुसरी पातळी, झाली तरी पुष्कळ.

दुसरी पायरी: एपीएस, दिवाळीच्या आत

भारतीय पदवीची छाननी करून प्रमाणपत्र देणारं एपीएसचं कार्यालय दिल्लीत आहे. नोव्हेंबर 2022 पासून विद्यार्थी व्हिसासाठी हे प्रमाणपत्र सक्तीचं झालं. फी 18,000 रुपये. अनेक विद्यापीठं ते अर्जासोबतच मागतात, म्हणून ‘अ‍ॅडमिशन मिळाली की बघू’ म्हणणाऱ्यांचं वर्ष जातं. माझ्याच माहितीत असे दोघे आहेत.

तिसरी पायरी: आपला ग्रेड जर्मन मापात मोजा

तिकडे 1.0 सगळ्यात चांगला आणि 4.0 म्हणजे काठावर पास. आपला आकडा काढायची रीत सोपी आहे. कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा. कमाल गुणांतून पास होण्याचे गुण वजा करा. पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागा, 3 ने गुणा आणि 1 मिळवा. सीजीपीए 10 पैकी 8 आणि पासिंग 4 असेल, तर 2 भागिले 6, गुणिले 3, अधिक 1, म्हणजे 2.0. पासिंग 5 असेल तर त्याच 8 चे 2.2 होतात. म्हणून पासिंग किती, हे मार्कलिस्टच्या मागच्या बाजूला छापलेलं नीट वाचा. पुष्कळ कोर्स 2.5 ची अट घालतात. पासिंग 4 धरलं तर ती अट बरोबर सीजीपीए 7 ला येते.

चौथी पायरी: अर्ज

डाड (DAAD) या जर्मनीच्या विद्यार्थी-देवाणघेवाण संस्थेच्या साईटवर कोर्सची यादी मिळते. तिथून दहाबारा कोर्स निवडा आणि प्रत्येकाचं पान स्वतः वाचा. अर्जाची शेवटची तारीख म्हणून 15 जुलै सगळीकडे दिसते, पण त्यावर विसंबू नका. परदेशी अर्जदारांसाठी कितीतरी कोर्स मार्च ते मे दरम्यानच बंद होतात. काही विद्यापीठं थेट अर्ज घेतात, काही युनी-असिस्ट या अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत. तिथे पहिल्या अर्जाला 75 युरो आणि त्याच सेमिस्टरच्या पुढच्या प्रत्येकाला 30.

‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे सरकारी विद्यापीठांपुरतं आणि बव्हंशी खरं आहे. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात, म्हणजे श्टुटगार्ट, कार्ल्सरूऽ वगैरे ठिकाणी, युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला 1,500 युरो भरावे लागतात. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही 2024-25 पासून परदेशी विद्यार्थ्यांना फी लावली आहे, मास्टर्सला सेमिस्टरला 4,000 ते 6,000 युरो. आणि एक सांगते: ‘आमचा सल्ला मोफत’ म्हणणारा एजंट तुम्हाला खाजगी विद्यापीठांचीच नावं सुचवत असेल, तर त्याला पैसे कोण देतंय याचा विचार करा.

पाचवी पायरी: ब्लॉक्ड अकाउंट

वर्षभर जगायला पैसे आहेत हे दाखवण्यासाठी 11,904 युरो एका गोठवलेल्या खात्यात भरायचे. तिथे पोचल्यावर त्यातून महिन्याला 992 मिळतात. युरो शंभर रुपयांना धरला तर ही रक्कम 11 लाख 90 हजार होते. म्हणजे परदेशी पैसे पाठवताना करकपात न होण्याची 10 लाखांची मर्यादा ओलांडली आणि वरच्या रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो पुढे आयकरात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून रक्कम गेली तर टीसीएस लागत नाही. बाबांच्या खात्यातून पाठवायचे की कर्जातून, हे सीएला विचारूनच ठरवा.

या 992 च्या भरवशावर विमानात बसू नका. ते सुटायला तिथलं बँक खाते लागतं, खात्याला बऱ्याचदा पत्त्याची नोंद लागते, नोंदीला घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. शिवाय घराचं डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं असू शकतं. पहिल्या महिन्यासाठी फॉरेक्स कार्डावर निदान दीड-दोन हजार युरो वेगळे ठेवा.

सहावी पायरी: व्हिसा आणि खोली, एकाच वेळी

अ‍ॅडमिशनचं पत्र आलं त्याच दिवशी दोन कामं करा. होस्टेलच्या यादीत नाव नोंदवा, कारण म्युनिकसारख्या शहरात नंबर यायला सेमिस्टर उलटतात. आणि व्हिसाचा अर्ज सुरू करा. महाराष्ट्र-गोव्याच्या अर्जांवर मुंबईचं जर्मन वाणिज्य दूतावास निर्णय घेतं. कागद जमा होतात व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज गोळा करणाऱ्या कंपनीच्या केंद्रात, फी 75 युरोंच्या बरोबरीचे रुपये. पूर्वी नकार आला तर दूतावासाकडे फेरविचार मागता यायचा. जुलै 2025 पासून ती सोय बंद झाली. आता नवा अर्ज करा नाहीतर बर्लिनच्या कोर्टात जा. म्हणून मोटिव्हेशन लेटर, म्हणजे हाच कोर्स का करायचाय ते सांगणारं पत्र, कुणाचं तरी कॉपी करून जोडू नका.

खोली न दाखवता डिपॉझिट मागणारा, ‘मी सध्या लंडनला आहे, चावी कुरिअरने पाठवतो’ म्हणणारा मालक दरवर्षी भेटतो. फोटोतली खोली फार छान असते. पैसे पाठवू नका.

सातवी पायरी: बॅग

तूप, पेढे, श्रीखंड, पनीर काहीही नेऊ नका. युरोपबाहेरून प्रवाशाने दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. ताजी फळं-भाज्यांनाही वनस्पती तपासणीचं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे हापूस आणि कढीपत्ता घरीच राहतात. गंमत म्हणजे पाच फळांना सूट आहे: अननस, नारळ, केळं, खजूर आणि ड्युरियन. म्हणजे आईने ओटीत दिलेला नारळ कस्टमच्या नियमांत बसतो! गोडा मसाला, मेतकूट, भाजणी खुशाल न्या, पाकिटं सीलबंद असू द्या. कुकर नेणार असाल तर इंडक्शनवर चालणाऱ्या बुडाचा घ्या, साधा अ‍ॅल्युमिनियमचा इंडक्शनवर तापतच नाही. रात्री दहानंतर शिट्ट्या नकोत, शेजारी दार वाजवतात.

आठवी पायरी: उतरल्यावरचे पंधरा दिवस

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा, याला आनमेल्डुंग म्हणतात. अपॉइंटमेंट मिळणं अवघड असतं, म्हणून भारतातूनच बुक करून ठेवा. विद्यापीठात नाव नोंदवायला आरोग्य विमा लागतो. तिशीच्या आत असाल तर सरकारी विम्याचा विद्यार्थी दर घ्या. व्हिसाची मुदत संपण्याआधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात निवास परवान्याचा अर्ज टाका. शिकताना वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. दिवस मोजून ठेवायची वही करा.

आणि पत्रपेटी. तिथे पत्त्यात फ्लॅट नंबर सहसा नसतो, पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघून पत्र टाकतो. मला हे ठाऊक नव्हतं. पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव तसंच होतं, आणि माझा टॅक्स आयडी, म्हणजे करासाठीचा नंबर, घेऊन आलेलं पत्र ‘अशी व्यक्ती इथे नाही’ म्हणून परत गेलं. तो नंबर नाही म्हणून पहिल्या पगारातून जास्तीत जास्त दराने कर कापला गेला. शेवटी वहीचा कागद फाडून पासपोर्टवरचं आडनाव लिहिलं आणि सेलोटेपने पेटीवर चिकटवलं.

नाव लागलं की येणाऱ्या पहिल्या पत्रांत रेडिओ-टीव्हीची वर्गणी असते, महिना 18.36 युरो. टीव्ही नसला तरी चुकत नाही. पण ती माणशी नाही, घरटी आहे. फ्लॅटमध्ये चौघं असाल तर एकाने भरायची आणि बाकीच्या तिघांकडून वाटा घ्यायचा.